चाळिशीनंतर 'क्ष'ची ओळख

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तुम्ही शाळेतून घरी पोचलेले असता. दप्तर कोपऱ्यात पडलेले असते आणि उद्याच्या गृहपाठाला अजून वेळ आहे अशी तुम्ही स्वतःची समजूत घातलेली असते. नेमक्या त्याच वेळी मुंबईत काही शाळा भरू लागतात. इमारत दिवसाच्या शाळेचीच, फळा तोच, बाकेही तीच. बसणारे मात्र निराळे. कोणी दिवसभर दुकानात माल तोलून आलेला असतो, कोणी कारखान्यातली पाळी संपवून, कोणी चार घरची कामे उरकून. बाक लहान पडतो, गुडघे फळीला लागतात. ही रात्रशाळा.

आपल्याकडे ही कल्पना काही नवी नाही. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणी कामगारांच्या वस्तीत रात्रीचे वर्ग चालवले. पुढे मुंबई उत्तरेकडे पसरत गेली आणि अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही एकेकाळची गावे उपनगरे झाली. शिक्षण अर्धवट राहिलेली माणसेही अर्थातच त्यांच्याबरोबर तिकडे राहायला गेली.

रात्रशाळेलाही ज्यांना जाता येत नाही अशांसाठी आणखी एक वाट आहे. तिला सगळे 'सतरा नंबरचा फॉर्म' म्हणतात. शाळेत न जाता, बाहेरून दहावीला बसू इच्छिणाऱ्याने भरायचा हा अर्ज. तुमच्या इमारतीत, चाळीत, कदाचित तुमच्या घरातही तो भरलेले कोणी तरी असेल. एखाद्याची बढती दहावीवाचून अडलेली असते, एखाद्याला आयटीआयमध्ये प्रवेश हवा असतो. एखादी आई मात्र केवळ एवढ्यासाठी बसते की, मुलगा सातवीत गेला आणि त्याचे गणित आता तिला तपासता येईना.

अशा कोणालाही विचारा, उत्तर बहुधा एकच येईल. मराठी, हिंदी, इतिहास कसेबसे निभते. घोडे पेंड खाते ते गणितापाशी.

असे का व्हावे? मोठ्या माणसाचा मेंदू गंजतो म्हणून? ही समजूत खरी नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेऊन केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. स्थळांच्या स्मरणाशी निगडित असा मेंदूचा एक भाग त्यांच्यात इतरांहून मोठा झालेला आढळला. ही मंडळी लहानपणी नव्हे, मोठेपणीच रस्ते शिकली होती. तेव्हा अडचण वयाची नाही. ती गणिताच्या बांधणीत आहे. शिवाजी महाराजांचा धडा वाचला नसला तरी पेशव्यांचा धडा वाचता येतो. पण अपूर्णांक कच्चे असतील तर समीकरण सुटत नाही, आणि समीकरण सुटत नसेल तर पुढचा निम्मा बीजगणिताचा भाग बंद. मधली एक पायरी निखळली की वरच्या सगळ्या पायऱ्या हवेत.

दहावीचे २०१८ साली आलेले गणिताचे पुस्तक पाहा. भाग पहिला उघडताच दोन चलांतील रेषीय समीकरणे समोर येतात. वीस वर्षांनी गणित हातात घेणारा माणूस मोठ्या उमेदीने पहिले पान उघडतो, दुसऱ्याच उदाहरणात छेद असलेला सहगुणक दिसतो आणि पुस्तक मिटते. मग अपेक्षित प्रश्नांचे संच, पाठ केलेल्या रीती, आणि परीक्षेत आकडा बदलला की दाणादाण. माझे स्पष्ट मत असे आहे की, अशा माणसाने दहावीचे पुस्तक पहिले तीन महिने कपाटात ठेवावे आणि पाचवी-सहावीचे काढावे. बालभारतीची पुस्तके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही. प्रश्न असतो तो लाजेचा. चाळीस वर्षांचे माणूस लोकलमध्ये पाचवीचे पुस्तक उघडून बसले तर लोक काय म्हणतील? (लोक काही म्हणत नाहीत. लोक चौथी सीट शोधत असतात.)

आता अपूर्णांकांचेच घ्या. मोठ्या माणसापुढे कागदावर १/२ + १/४ असे लिहून ठेवा. पुष्कळ जण अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/६ असे उत्तर लिहितील. त्याच माणसाला विचारा, "अर्धा किलो साखर आणि पाव किलो साखर मिळून किती?" क्षणात उत्तर येईल, "पाऊण किलो!" मग त्याच्याच कागदाकडे बोट दाखवा. २/६ म्हणजे एक तृतीयांश, म्हणजे अर्ध्याहूनही कमी. अर्धा किलोत भर घातली आणि साखर कमी झाली? असा वाणी कोणी पाहिला आहे का? इथे बहुतेक जण हसतात, आणि हसले की अर्धे काम होते. कारण आता नियम पाठ करायचा उरत नाही. पाव किलोच्या पुड्यांत मोजायचे. अर्ध्या किलोत अशा दोन पुड्या, वर एक, एकूण तीन. म्हणून २/४ + १/४ = ३/४. छेद समान करणे म्हणजे सारे एकाच मापाच्या पुड्यांत मोजणे, याहून त्यात काही नाही. १/२ + १/३ मध्ये पुडी कोणती घ्यावी? जी अर्ध्यातही नेमकी बसेल आणि तिसऱ्या हिश्शातही. म्हणजे सहावा भाग. तीन पुड्या आणि दोन पुड्या, ५/६. हाच तो लसावि, ज्याच्या नावाने पूर्वी छड्या बसत.

मराठी माणसाला तर अपूर्णांकांची भीती वाटण्याचे काही कारणच नाही. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना स्वतंत्र शब्द आहेत. एवढेच नव्हे, एकेकाळी शाळेत त्यांचे पाढे म्हणून घेत असत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि साडेतीनाची औटकी! तुमच्या आजोबांना विचारून पाहा, अडीचकीतले सात किती? येत असेल तर 'साडेसतरा' असे उत्तर झटकन येईल. २ १/२ × ७ = १७ १/२ हा गुणाकार तुम्हाला कागदावर करावा लागतो. हे पाढे आता गेले. ते परत आणावेत असे मी म्हणणार नाही, पण ज्यांच्या तोंडात अजून आहेत त्यांनी ते फुकट घालवू नयेत.

बाजारातले गणित आणि कागदावरचे गणित यांच्यात अशी फारकत जगभर आढळते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ वगैरे विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक म्हणून हिशेब विचारला तेव्हा या मुलांची सुमारे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तशाच आकड्यांची नुसती उदाहरणे कागदावर दिली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण जेमतेम ३७ टक्क्यांवर आले. पस्तिसाला एक तर दहा नारळ कितीला, हे एका मुलाने कसे काढले पाहा. तीन नारळ १०५, आणखी तीन म्हणजे २१०, आणखी तीन ३१५, आणि एक, ३५०. आपण शून्य लावून मोकळे झालो असतो. पण त्याच्या रीतीत चूक काय आहे? काहीच नाही. आपल्या मुंबईतही, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनी दाट वस्तीत घरगुती उद्योगांना हातभार लावणाऱ्या शाळकरी मुलांच्या अशा हिशेबांचा अभ्यास केला आहे. कापड, शिलाई, पिशव्या यांच्या कामात मुले मापे आणि पैसे यांचे पुष्कळ काही शिकतात. वर्गात मात्र त्यातले फारसे उपयोगी पडू दिले जात नाही. शिक्षक मित्रांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

अपूर्णांक झाले की पुढची धोंड म्हणजे ऋण संख्या. ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे तुम्ही सातवी-आठवीत बाईंनी सांगितले म्हणून मान्य करून टाकता. मोठे माणूस करत नाही. ते विचारते, "का?" हा 'का' फार मोलाचा आहे, त्याला टोलवू नका. पुढील रांग मांडून दाखवा.

(−३) × २ = −६
(−३) × १ = −३
(−३) × ० = ०

गुणक एकेकाने उतरतो आहे आणि उत्तर दर वेळी तीनाने वाढते आहे. आता गुणक आणखी एकाने उतरवा. (−३) × (−१) किती यावे? क्रम मोडायचा नसेल तर ३. गुणाकाराचे इतर सर्व नियम शाबूत ठेवायचे असतील तर दुसरे उत्तर देताच येत नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात धन आणि ऋण यांचे नियम सांगितले, ते हेच. ऋण म्हणजे कर्ज. ज्याने कर्ज काढलेले आहे त्याला −३ ही संख्या खरी असते का, हे समजावून सांगावे लागत नाही.

मग येतो 'क्ष'. तुमच्या पुस्तकात त्या जागी इंग्रजी अक्षर असते, जुन्या मराठी पुस्तकांत क्ष आणि य असत. क्ष म्हणजे काही गूढ नव्हे. अजून माहीत नसलेल्या संख्येला ठेवलेले ते नाव आहे, म्हणजे तिच्याविषयी बोलता यावे. उपनगरात राहणाऱ्यांसाठी याचे उदाहरण रोज रुळांवरून धावते.

समजा, अंधेरीहून बोरिवलीकडे एक धीमी गाडी सुटली. थांबे धरून तिचा सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर. तिच्यानंतर ६ मिनिटांनी एक जलद गाडी सुटली, तिचा वेग ताशी ५०. जलद गाडी धीमीला कोठे गाठील?

धीमी सुटल्यापासून क्ष तासांनी गाठते असे म्हणू. तोवर धीमी ३०क्ष किलोमीटर गेली. जलद गाडीला ६ मिनिटे, म्हणजे तासाचा दहावा भाग कमी मिळाला. म्हणून ती ५०(क्ष − १/१०) किलोमीटर गेली. दोघी एकाच ठिकाणी आहेत, तेव्हा

३०क्ष = ५०(क्ष − १/१०)
३०क्ष = ५०क्ष − ५
२०क्ष = ५
क्ष = १/४

पाव तास. पाव तासात धीमी गाडी साडेसात किलोमीटर जाते, म्हणजे गाठ पडेल मालाडच्या आसपास.

आता गंमत अशी की, रोज प्रवास करणारे माणूस हे क्षशिवायही सोडवते. सहा मिनिटांत धीमी तीन किलोमीटर पुढे गेली. जलद गाडी तासाला वीस किलोमीटरने अंतर तोडते आहे. वीस तोडायला साठ मिनिटे, तर तीन तोडायला नऊ. सहा आणि नऊ, पंधरा मिनिटे. उत्तर तेच! हा तर त्रैराशिकाचा हिशेब, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त भेटणारा. मग बीजगणित हवेच कशाला? कारण तोंडी हिशेबात प्रत्येक नव्या उदाहरणाला नवी युक्ती शोधावी लागते. समीकरणात युक्ती एकदाच लागते, ती म्हणजे मांडताना. पुढचे काम ठरलेल्या रीतीने होते. दोन्ही रीती शेजारी शेजारी लिहून पाहिल्या आणि उत्तर जुळले की शिकणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. हीच दोन वाक्ये आलेख कागदावर काढलीत तर दोन तिरप्या रेषा मिळतील आणि त्या एका बिंदूत छेदतील. पहिल्या प्रकरणातले ते 'आलेखाने सोडवा' म्हणजे हेच.

भूमितीकडे मोठी माणसे पुष्कळदा आनंदाने वळतात. गवंडीकाम करणाऱ्याला विचारा, भिंतीचा काटकोन कसा काढता? लहान कामाला गुण्या आहे. मोठ्या कामाला तो दोरी घेतो, कोपऱ्यापासून एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधले तिरके अंतर पाच फूट भरेपर्यंत दोरी सरकवतो. पायथागोरसचे प्रमेय, असे आपण चटकन म्हणतो. पण जरा थांबा. प्रमेय सांगते, कोन काटकोन असेल तर बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाएवढी. गवंडी उलट दिशेने जातो. बाजू जुळल्या, म्हणून कोन काटकोन. हा त्या प्रमेयाचा व्यत्यास होय, आणि त्याची सिद्धता वेगळी द्यावी लागते. परीक्षेत 'व्यत्यास लिहा' हा प्रश्न रुक्ष वाटत असेल, तर मुंबईतल्या असंख्य भिंती त्या व्यत्यासावर उभ्या आहेत हे लक्षात ठेवा.

चांगला कारागीर तीन-चार-पाचऐवजी सहा-आठ-दहा घेतो. का? तीन-चार-पाच फुटांत टेप अर्धा इंच चुकली तर कोन सुमारे एका अंशाने चुकतो. एक अंश म्हणजे वीस फुटांच्या भिंतीत टोकाला सुमारे चार इंचांचा फरक, फरशी बसवणारा शिव्या घालील. मापे दुप्पट केली की त्याच अर्ध्या इंचाने कोन अर्ध्या अंशानेच चुकतो. हा हिशेब कारागिराने कागदावर केलेला नसतो, पण अनुभवाने त्याला तो ठाऊक असतो.

अभ्यास करायचा कसा, हेही थोडे सांगितले पाहिजे. नोकरी-घर सांभाळणाऱ्याजवळ दिवसाकाठी अर्धा तास असतो, तोही तुकड्यांत. असा माणूस सोडवलेले उदाहरण पुन्हा पुन्हा वाचतो आणि 'कळले' म्हणतो. वाचून कळल्यासारखे वाटणे हा मोठा भुलवा आहे. मानसशास्त्रज्ञांनी याची तपासणी केली आहे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून पुढे तो झाकून आठवण्याचा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी पाहिले तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले तर आठवणारे बरेच पुढे गेले होते. तो उतारा गणिताचा नव्हता, पण गणिताचा अनुभव वेगळा नाही. म्हणून वही झाकावी, कोऱ्या कागदावर तेच उदाहरण सोडवावे, अडले तर एकच ओळ उघडून पाहावी, पुन्हा झाकावी. तेच उदाहरण दोन दिवसांनी, मग आठवड्याने. हे कंटाळवाणे आहे, मी नाकारत नाही. आणि हो, पाढे. त्यांना पर्याय नाही. सात आठे किती हे शोधण्यात ज्याचे लक्ष गुंतले, त्याच्या हातून समीकरणाचा धागा सुटतोच. बोरिवलीहून लोकलने निघालेल्या माणसाला चर्चगेट येईपर्यंत बाराचा पाढा पन्नास वेळा म्हणता येईल.

तुम्ही म्हणाल, उशिरा गणिताकडे वळून कोणी मोठे झाले आहे काय? इंग्लंडमधील नॉटिंगहॅमजवळ जॉर्ज ग्रीन नावाचा गिरणीवाला होता. पवनचक्कीवर धान्य दळायचे, हा त्याचा धंदा. लहानपणी जेमतेम वर्षभर शाळा. त्याने स्वतःच अभ्यास करून १८२८ साली विद्युत आणि चुंबकत्व यांच्या गणितावर निबंध छापला. केंब्रिजमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाला तेव्हा त्याचे वय चाळीस होते. पदार्थविज्ञानाच्या पदवी अभ्यासात आजही त्याच्या नावाचे प्रमेय शिकावे लागते. अमेरिकेतील मार्जोरी राइस या गृहिणीचे गणित शाळेपुरतेच होते. जमीन पंचकोनी फरशांनी फट न ठेवता कशी भरता येईल यावरचा मार्टिन गार्डनर यांचा लेख तिने १९७५ साली वाचला आणि स्वयंपाकघरात बसून, स्वतःची चिन्हे तयार करून, पुढच्या दोन वर्षांत अशा फरशांचे चार नवे प्रकार शोधले. व्यावसायिक गणितज्ञांनी ते तपासले आणि बरोबर ठरवले.

आपल्याकडचे उदाहरण थोडे निराळे आहे. मंगला नारळीकर यांना शाळेचे गणित पुन्हा शिकावे लागले नाही. १९६४ साली त्या मुंबई विद्यापीठातून एम. ए. झाल्या. पण पुढे लग्न, परदेशी वास्तव्य, संसार यांत गणिताचे काम कधी सुरू, कधी बंद असे चालले, आणि पीएच. डी. मिळाली ती १९८१ साली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची 'गणितगप्पा' आणि 'गणिताच्या सोप्या वाटा' ही पुस्तके पुन्हा गणिताकडे वळणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात मी निःशंक देईन.

हे सारे तुम्हाला सांगण्याचे कारण असे की, घरातल्या अशा विद्यार्थ्याचे शिक्षक बहुधा तुम्हीच असणार. दोनच गोष्टी सांभाळा. "एवढे पण येत नाही?" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका, आईने तुम्हाला ते कधी म्हटले असले तरीही. आणि पेन्सिल तिच्या हातातून काढून घेऊ नका. तुम्ही सोडवलेले उदाहरण तुमचेच राहते. ती थांबली तर विचारा, "आई, आधी काय माहीत आहे ते सांग." दोन मिनिटे गप्प बसणे तुम्हाला जड जाईल, पण बसा.

तुम्हालाही त्यातून मिळेल. समजा, घरात फ्रिज घ्यायचा आहे आणि १२,००० रुपये हप्त्याने फेडायचे आहेत. विक्रेता सांगतो, "वर्षाला फक्त १२ टक्के. व्याज १,४४० झाले. एकूण १३,४४०, बारा हप्ते, दरमहा १,१२०." हिशेब चोख दिसतो. आता दहावीच्या अंकगणिती श्रेढीचे प्रकरण उघडा. दरमहा मुद्दल हजार रुपयांनी फिटत जाते असे धरले तर पहिल्या महिन्यात आपल्याकडे १२,००० रुपये होते, दुसऱ्या महिन्यात ११,०००, तिसऱ्यात १०,०००, शेवटच्या महिन्यात केवळ १,०००. यांची बेरीज किती?

१२/२ × (१२,००० + १,०००) = ७८,०००

बारा महिन्यांनी भागले तर सरासरी ६,५०० रुपये. म्हणजे वर्षभर आपण वापरले सरासरी साडेसहा हजार, आणि व्याज दिले बारा हजारांवर! १,४४० रुपये हे ६,५०० च्या किती टक्के? सुमारे २२. 'फक्त १२ टक्के' म्हणून सांगितलेला दर प्रत्यक्षात जवळजवळ दुप्पट निघाला. खरोखरच वर्षाला १२ टक्के, म्हणजे महिना एक टक्का, आणि तोही घटत्या शिलकेवर घेतला असता तर व्याज ७८,००० च्या एक टक्का, म्हणजे ७८० रुपये झाले असते. ६६० रुपयांचा फरक केवळ 'कशावर' या एका शब्दाचा. यापुढे कोणी हप्त्याचा दर सांगितला तर घरातील मंडळींनी पहिला प्रश्न हाच विचारावा, व्याज पूर्ण रकमेवर की घटत्या शिलकेवर?

हा हिशेब घरच्या विद्यार्थ्याला समजला की नाही हे पाहण्यासाठी पुढचे उदाहरण त्याला द्या, आणि तुम्हीही वेगळ्या कागदावर सोडवा. शिलाई यंत्रासाठी १५,००० रुपये कर्ज, मुदत १५ महिने, पूर्ण रकमेवर वर्षाला १० टक्के सरळव्याज. मुद्दल दरमहा हजार रुपये फिटते असे धरून प्रत्यक्ष दर काढा. मुदत वर्षाहून अधिक आहे, हे विसरू नका.

(उत्तर: व्याज १,८७५ रुपये, सरासरी शिल्लक ८,००० रुपये, दर पावणेएकोणीस टक्के.)